वस्तीला कोण? मुंबईत पाहुण्यांच्या निवासाची जागा कशी ठरते

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेवरून तासभर वाद झाला. सदनिकेचे मालक परगावी असतात आणि त्यांचा पुतण्या ती एका ॲपवरून एकेका रात्रीसाठी पाहुण्यांना देतो. वॉचमनच्या नोंदवहीत महिन्याभरात त्या एकाच सदनिकेपुढे सव्वीस वेगवेगळी नावे होती आणि त्यांपैकी काहींपुढे विमानतळावरून आल्याची, पहाटे अडीच-तीनची वेळ लिहिलेली होती. पुतण्याचा प्रश्न साधा होता : "काकू, आपल्या इमारतीत निम्मी घरं भाड्यानंच दिलेली आहेत. महिन्याचं भाडं चालतं, मग रात्रीचं का चालत नाही?" सचिव असलेल्या काकू म्हणाल्या, "अरे, भाडेकरूचं नाव निदान आठवड्याभरात पाठ होतं. तुझ्या पाहुण्यांचं नाव लिहून होईस्तोवर ते निघालेले असतात."

काकूंनी अनुभवातून जे सांगितले, तेच नगररचनेच्या नियमांनी आपल्या भाषेत लिहून ठेवले आहे. जमिनीवर काय बांधले आहे एवढेच पाहून तिचा वापर ठरत नाही; तिथे कोण राहतो, किती काळ राहतो आणि त्याच्या राहण्याचा पाण्यावर, रस्त्यावर, जिन्यावर व शेजाऱ्यांवर किती भार पडतो, यावरून तो ठरतो. हे एक सूत्र हाती असले, की हॉटेल, लॉज, होमस्टे, धर्मशाळा आणि समुद्रकाठचे रिसॉर्ट यांचे वरवर विस्कळीत दिसणारे नियम एका ओळीत लागतात.

आधी भाराचेच पाहू. इमारतींसाठीच्या भारतीय मानकांत घरातल्या माणसासाठी दिवसाला साधारण १३५ लिटर पाणी धरतात. साध्या हॉटेलात हाच आकडा १८० लिटर आणि बड्या तारांकित हॉटेलात ३२० लिटर असतो.  राष्ट्रीय इमारत संहितेत घर आणि हॉटेल ही दोन्ही 'निवासी' या एकाच मोठ्या गटात येतात, परंतु त्यांचे उपगट वेगळे आहेत : सदनिकांची इमारत ए-४, हॉटेल ए-५ आणि तारांकित हॉटेल ए-६. या भेदामागचे कारण जिवाशी निगडित आहे. आपल्या घरात रात्री धूर झाला, तर अंधारातही आपल्याला जिना सापडतो, कारण त्या वाटेने आपण वर्षानुवर्षे ये-जा केलेली असते. रात्री एक वाजता आलेल्या पाहुण्याने तो जिना बहुधा पाहिलेलाही नसतो, कारण तो लिफ्टने वर आलेला असतो. म्हणून हॉटेलात खोलीच्या दारामागे सुटकेचा नकाशा लावतात, मार्गिकेत उजळणाऱ्या खुणा असतात आणि अग्निशमन दलाच्या अटी अधिक कडक असतात. सदनिकेचे हॉटेल झाले, की या अटींपैकी एकही पूर्ण न होता तोच अनोळखी पाहुणा तिथे झोपतो.

आता कायद्याकडे येऊ. मुंबईत नगररचनेचा कायदा पहिल्यांदा १९१५ साली आला. आज सारा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली चालतो. बोलीभाषेत त्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात. या कायद्याने महापालिकेवर विकास आराखडा, म्हणजे 'डीपी', तयार करण्याचे बंधन घातले. मुंबईचा पहिला आराखडा साठच्या दशकात मंजूर झाला, दुसऱ्याच्या सोबतीने १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली, आणि सध्याचा तिसरा आराखडा २०३४ सालापर्यंतचा आहे. या तिसऱ्या आराखड्याचा २०१५ चा पहिला मसुदा चुकांनी इतका भरलेला होता, की नागरिकांच्या हरकतींच्या ओघापुढे तो मागे घ्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली. हरकती घेऊन काही होत नाही असे मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

आराखडा म्हणजे रंगवलेला नकाशा आणि त्याच्यासोबतचे नियमांचे पुस्तक. नकाशावर निवासी क्षेत्राला एक रंग, वाणिज्य क्षेत्राला दुसरा, औद्योगिक क्षेत्राला तिसरा असतो. यांखेरीज हरित आणि नैसर्गिक क्षेत्रे वेगळी दाखवलेली असतात. या रंगांवर आरक्षणे असतात : इथे उद्यान, तिथे शाळा, पलीकडे प्रसूतिगृह. पुस्तकात प्रत्येक क्षेत्रात कोणता वापर चालेल आणि कोणत्या अटींवर चालेल याचे कोष्टक दिलेले असते. अनेकांचा समज असतो, की निवासी क्षेत्रात हॉटेलला बंदीच असते. तसे नाही. निवासी क्षेत्रातही राहण्याचे हॉटेल उघडता येते. मात्र समोरचा रस्ता पुरेसा रुंद हवा आणि पाहुण्यांचा प्रवेश रहिवाशांच्या प्रवेशापासून वेगळा हवा. रुंदीची अट कागदी वाटते, परंतु अरुंद गल्लीत मध्यरात्री टॅक्सी, सकाळी धोब्याचा टेंपो आणि दुपारी भाजीचा ट्रक उभा राहिला, की अग्निशमन गाडीला वाट उरत नाही. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत ही भीती रोजची आहे.

तुमच्या इमारतीची जमीन कोणत्या रंगात येते हे पाहण्याची सोय आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी वापरावी असे मला मनापासून वाटते. महापालिकेच्या विकास नियोजन विभागाकडे शुल्क भरून 'डीपी रिमार्क' मागवता येतो. त्यासाठी मालमत्ता पत्रकावरचा नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सीटीएस क्रमांक, हाताशी लागतो. मी आमच्या भूखंडाचा रिमार्क काढला, तेव्हा हाती आलेल्या कागदात भूखंडाची हद्द, क्षेत्राचे नाव, भूखंडावर व आजूबाजूला असलेली आरक्षणे आणि पुढे रस्ता रुंद करण्यासाठी आखलेली रेषा हे सारे स्पष्ट दिले होते. ती रेषा आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या आतून जाते, हे पंधरा वर्षे तिथे राहून मला त्या दिवशी कळले.

पुतण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र एका व्याख्येत आहे. एमआरटीपी कायद्यात 'विकास' या शब्दात बांधकामाबरोबरच इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. वीट न हलवता, भिंत न पाडता केवळ वापर बदलला, तरी कायद्याच्या लेखी तो विकास ठरतो आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे मुंबईत महापालिकेची, परवानगी लागते. भोगवटा प्रमाणपत्रात जो वापर लिहिला आहे त्याच वापरासाठी ती इमारत तपासून मंजूर झालेली असते. वापर बदलायचा, तर 'चेंज ऑफ यूजर'चा अर्ज करावा लागतो. परवानगीवाचून बदल केल्यास कलम ५२ खाली शिक्षेची आणि कलम ५३ खाली नोटिशीची तरतूद आहे. त्याशिवाय लॉज चालवण्यासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याखालचा परवाना आणि अग्निशमन दलाचा दाखला लागतो, आणि परदेशी पाहुणा उतरला असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत शासनाला द्यावी लागते. ॲपवर नोंदणी झाली म्हणजे हे सगळे झाले असे पुष्कळ घरमालक प्रामाणिकपणे समजतात. ते तसे होत नाही.

भाड्याचा कायदाही हा भेद मानतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात 'लायसन्सी', म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा, कोणाला म्हणावे हे सांगताना हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस, वसतिगृह किंवा धर्मशाळा यांत उतरलेल्या माणसाला स्पष्टपणे वगळले आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस त्या घराचा रहिवासी असतो : त्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, पोलिसांकडे त्याची माहिती जाते, सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, घेते. रात्रीपुरता उतरलेला माणूस पाहुणा असतो. एकाच दारातून दोघे आत येतात, पण कायदा त्यांना दोन वेगळ्या दालनांत बसवतो.

याचा अर्थ घरातली खोली पाहुण्यांना देणे सर्वस्वी निषिद्ध आहे असा नाही. राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' योजना आहे आणि केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचीही तशीच योजना आहे. केंद्राच्या योजनेत एका घरात एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा चालतात, पण मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यजमान घरात असला, की रात्री गोंगाट झाला तर कोणाचे दार ठोठवायचे हे शेजाऱ्याला ठाऊक असते, पाहुण्याला जिना दाखवणारा कोणी असतो, आणि ते घर घरच राहते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत नेमका यजमानच नव्हता. किल्ली दारावरच्या आकड्यांच्या पेटीत असायची.

जगातल्या इतर शहरांनीही हाच धागा पकडला आहे. न्यूयॉर्कने २०२३ च्या सप्टेंबरपासून असा नियम अमलात आणला, की तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे असेल, तर नोंदणी हवी, यजमान स्वतः त्या घरात हजर हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. बार्सिलोनाने त्याआधी, २०१७ मध्ये, पर्यटक निवासासाठी स्वतंत्र नियोजन आराखडा केला आणि शहराचे पट्टे पाडले : गजबजलेल्या मध्यभागी संख्या हळूहळू कमी करायची, त्याच्या भोवती आहे तेवढीच राखायची, आणि कडेच्या पट्ट्यात मर्यादेत वाढू द्यायची. पुढे २०२४ मध्ये त्या शहराने जाहीर केले, की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. स्थानिकांना भाड्याचे घर मिळेनासे झाले, हे त्यामागचे कारण होते. मुंबईची स्थिती तशीच आहे असे मी म्हणत नाही. पण विमानतळाजवळच्या वस्त्यांत, वांद्र्यात आणि गिरगावात घर शोधणाऱ्याला या कारणाची ओळख पटेल.

हॉटेलांच्या बाबतीत मुंबईच्या नियमांचा कल मात्र उलट, म्हणजे वाढवण्याकडे आहे, आणि त्यासाठीचे साधन आहे चटई क्षेत्र निर्देशांक, अर्थात एफएसआय. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा म्हणजे एफएसआय. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एफएसआय एक असेल तर सर्व मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येते, पाच असेल तर पाच हजार. मुंबईत मूळ एफएसआय शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ आहे. त्यावर वेगवेगळ्या कारणांसाठी वाढीव एफएसआय मिळतो, आणि सध्याच्या नियमावलीच्या नियम ३३(४) खाली तो तारांकित निवासी हॉटेलांना मिळतो. रस्ता जितका रुंद तितका वाढीव एफएसआय अधिक, आणि त्यासाठी शासनाला व महापालिकेला अधिमूल्य, म्हणजे 'प्रीमियम' भरायचा, अशी रचना आहे. विचार असा, की जमिनीची किंमत पाहता कोणताही विकसक हॉटेलऐवजी घरे किंवा कार्यालये बांधेल. त्याला हॉटेलकडे वळवायचे, तर जास्त बांधू द्यावे लागेल.

हा विचार चुकीचा नाही. परंतु त्यातला 'तारांकित' हा शब्द मला खटकतो. मुंबईत वस्तीला येणारा प्रत्येक जण गेटवे पाहायला आलेला नसतो. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात. उपचार महिनोन्महिने चालतात, खाट मिळते ती रुग्णाला, आणि सोबत आलेली आई, भाऊ किंवा मुलगी रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर प्लास्टिक अंथरून झोपते. पावसाळ्यात हे दृश्य पाहवत नाही. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा या माणसांसाठी किती मोठा आधार आहे, हे तिथे एकदा जाऊन आल्यावाचून समजणार नाही : ओळीने लावलेल्या पिशव्या, त्यांवर वाळत घातलेले टॉवेल, आणि हातात फायली धरून टाटाच्या वेळेची वाट पाहणारे लोक. ती संताच्या करुणेतून उभी राहिली, नियोजनातून नव्हे. पूर्वीच्या मुंबईने अशी पुष्कळ सोय आपली आपणच केली होती. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या, जिथे गावचा माणूस हक्काने पथारी टाकायचा. धोबी तलावला जेर महालात गोव्याच्या लोकांचे 'कुड' होते, जिथे बोटीवर चढण्याआधी खलाशी उतरायचा. चाळी पडल्या, पुनर्विकास झाला, आणि या जागा नव्या आराखड्याच्या कोणत्याही रकान्यात बसल्या नाहीत. नव्या इमारतीत तीनशे चौरस फुटांची सदनिका मिळाली, पण गावकीची खोली मिळाली नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या परिसरात स्वस्त निवासासाठी ठळक आरक्षणे ठेवणे, आणि वाढीव एफएसआय देताना काही खाटा या माणसांसाठी राखण्याची अट घालणे, हे नियोजनाच्या अधिकारात बसते. ते झाले पाहिजे.

आता समुद्राकडे वळू, कारण मुंबईत पर्यटक निवासाची चर्चा किनाऱ्याशिवाय पुरी होत नाही. विकास आराखड्याच्या रंगावर आणखी एक रेषा येऊन पडते, ती सीआरझेडची, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राची. केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. मोजमाप भरतीच्या उच्चतम रेषेपासून सुरू होते. कांदळवनांसारखा नाजूक भाग सीआरझेड-१ मध्ये जातो. कांदळवन हजार चौरस मीटरपेक्षा मोठे असेल तर त्याच्या भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखावा लागतो. मरीन ड्राइव्हसारखा आधीच बांधला गेलेला शहरी किनारा सीआरझेड-२ मध्ये येतो, आणि तिथे अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवे बांधकाम करता येते. ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. आधी तिथे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नसे. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या, ग्रामीण किनाऱ्यावर हे अंतर ५० मीटरवर आणले. किनाऱ्यावर तात्पुरत्या झोपड्या, न्हाणीघरे, कपडे बदलण्याच्या खोल्या भरतीरेषेपासून किमान दहा मीटर सोडून उभारता येतात. दोनशेचे पन्नास झाले, हे वाचायला सोपे आहे. पण मधल्या त्या दीडशे मीटरमध्ये कोळ्यांची बोंबील वाळवण्याची जागा, होड्या ओढून ठेवायची वाळू आणि वादळात लाटेला अडवणारी सुरूची झाडे असतात.

या अधिसूचनेतली एक तरतूद मात्र मला मोलाची वाटते. मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात 'होमस्टे' चालवू द्यावा, फक्त घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी रूप बदलू नये, असे ती सांगते. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे मनोरीला उतरा, किंवा बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडून गोराईला जा. रस्त्याच्या कडेला उतरत्या छपराची घरे, समोर ओटा, ओट्याच्या बाजूला क्रूस, मागे बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील. अशा घरातल्या मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पाहुण्यांना देणाऱ्या एका मावशींशी माझे बोलणे झाले. त्या म्हणाल्या, "बाबा, मी मासळी विकते तशी खोली देते. दोन्ही माझ्या घरचंच आहे." या पट्ट्यासाठी पर्यटन विकासाच्या मोठ्या योजना आजवर अनेकदा मांडल्या गेल्या आणि गावकऱ्यांनी त्यांना वेळोवेळी विरोध केला. बाहेरून पाहणाऱ्याला तो विकासाला विरोध वाटतो. त्या ओट्यावर बसले की समजते, की पाहुणा नको असे कोणी म्हणत नाही. पाहुणचार कोणी करायचा आणि जमीन कोणाकडे राहायची, हा त्यांचा प्रश्न आहे. गावठाणे आणि कोळीवाडे यांच्या हद्दी नकाशावर नीट आखल्या गेल्या, तरच मावशींच्या दोन खोल्यांना कायद्याचे संरक्षण मिळेल; हद्दच नसेल तर तिथल्या रहिवाशाच्या हक्काला टेकायला जागा नाही.

मुंबईच्या हद्दीबाहेर नियम पुन्हा बदलतात, हे अलिबागला प्लॉट घेऊन कॉटेज भाड्याने देण्याचा बेत करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तिथे मुंबईची नियमावली लागू नाही. राज्याच्या बहुतेक भागासाठी २०२० ची एकत्रित नियमावली आहे. शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार सामान्यतः शेतकरी असावा लागतो, बिनशेती वापराच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात, आणि किनाऱ्याजवळ सीआरझेड असतेच. दलालाने दाखवलेल्या रंगीत पत्रकावर 'रिसॉर्ट प्लॉट' लिहिले असले, तरी जमीन कोणत्या क्षेत्रात येते हे सांगणारा झोन दाखला हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आराखड्यात बदल होतो तेव्हा महापालिका किंवा शासन राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना देते. एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खालच्या फेरबदलासाठी हरकती व सूचना देण्यास एक महिना मिळतो. ही सूचना बारीक अक्षरांत, निविदांच्या गर्दीत छापलेली असते. हरकत लिहिताना भावना मांडाव्यात, पण त्यासोबत सीटीएस क्रमांक, समोरच्या रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, पाण्याची वेळ आणि जवळची शाळा किंवा रुग्णालय यांची नोंद जरूर असावी. सुनावणीत याच गोष्टी टिकतात.

आमच्या सभेत शेवटी ठराव झाला. सदनिका रात्रीच्या मुक्कामासाठी द्यायची असल्यास मालकांनी आधी महापालिकेकडे वापर बदलाचा अर्ज करावा आणि अग्निशमन दलाचा दाखला आणावा. तोवर ती लीव्ह अँड लायसन्सवरच द्यावी. पुतण्या नाराज होता, पण त्याने काकांना फोन लावला. गेल्या पंधरवड्यात तिथे सातारचे एक जोडपे राहायला आले. बाईंच्या आईंवर परळला उपचार चालू आहेत, म्हणून त्यांनी सहा महिन्यांचा करार केला आहे. वॉचमनने नोंदवहीत त्यांची नावे एकदाच लिहिली, आणि काकूंनी त्यांना गाडगे महाराजांच्या धर्मशाळेतल्या एका ओळखीच्या स्वयंसेवकाचा पत्ता दिला, कारण त्यांच्यासोबत आलेल्या मामांची अजून कुठेच सोय झालेली नव्हती.